वजा एक आणि चौसष्ट घरं

रात्री साडेबाराला स्क्रीनवर एक आकडा उगवला. १८४४६७४४०७३७०९५५१६१५. मी लिहिलेल्या एका छोट्याशा प्रोग्रॅमला रांगेत किती कामं शिल्लक आहेत एवढंच मोजायचं होतं, रांग रिकामी होती, आणि माझ्या कोडनं शून्यातून एक वजा केला. चूक माझीच, वजा करायच्या आधी शून्य आहे का ते बघायला हवं होतं. पण उत्तर किमान वजा एक तरी यावं ना, हे वीस अंकी प्रकरण कुठून आलं?

कुठून आलं ते खरं तर लगेच कळतं. त्या उत्तरासाठी मशीननं चौसष्ट बिटांची जागा दिली होती आणि त्या जागेला वजा हा प्रकारच माहीत नव्हता. जुन्या गाडीचं किलोमीटरचं मीटर आठवा, सगळी शून्यं असताना उलटं एक घर फिरवलं तर सगळीकडे नऊ येतात. तसंच इथे, फक्त अंक दोनच, शून्य आणि एक, त्यामुळे चौसष्ट शून्यांवरून एक पाऊल मागे गेलं की चौसष्ट एक. सगळेच्या सगळे दिवे चालू. म्हणजे त्या डब्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या आणि वजा एक या दोन्ही एकच, आणि मशीनला त्यात काहीही वावगं वाटत नाही.

बग दोन मिनिटांत सुटला. झोप मात्र गेली, कारण आकडा ओळखीचा होता. हा तर बुद्धिबळाच्या पटाचा आकडा!

गोष्ट सगळ्यांना माहितीये, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, राजा हसून हो म्हणतो आणि मग कोठारं रिकामी होतात वगैरे. सगळ्या पटावरच्या दाण्यांची बेरीज म्हणजे २ चा ६४वा घात वजा एक, म्हणजेच हा. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम टाकले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. लीलावतीत भास्कराचार्यांनी दिलेली यादी एक, दश, शत, सहस्र करत खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी अठरा स्थानांवर थांबते, आणि हा आकडा वीस अंकी, म्हणजे १८४ परार्ध होऊन वर पुन्हा शेपूट शिल्लकच. हाच आकडा हनोईच्या मनोऱ्याचाही आहे, म्हणजे तीन खांबांचं ते कोडं, एका खांबावरच्या चकत्या एकेक करून दुसऱ्यावर न्यायच्या आणि लहान चकतीवर मोठी कधी ठेवायची नाही. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं १८८३ मध्ये ते कोडं बाजारात आणलं, सोबतच्या कथेत चौसष्ट चकत्या होत्या, आणि सेकंदाला एक चकती हलवली तरी सगळा मनोरा हलवायला साधारण ५८,४५४ कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय त्यापुढे १,३८० कोटी.

बास. हे असलं "बापरे किती मोठं" प्रकरण मला खरं सांगायचं तर पाच मिनिटांत कंटाळा आणतं. मोठी संख्या हवी असेल तर हिच्यात एक मिळवा, हिच्याहून मोठी मिळाली. मोठं असणं ही काही कमाई नाही. मला त्या रात्री वेगळंच खुपत होतं, की हिच्या आत काय आहे?

आधी आकडा स्वतः काढून बघू म्हटलं. फोनचा कॅल्क्युलेटर १.८४४६७४४ आणि पुढे दहाचा १९वा घात असं म्हणून मोकळा झाला. स्प्रेडशीटनं १८४४६७४४०७३७०९६००००० असं छातीठोकपणे छापलं, पंधरा अंकांनंतर सरळ शून्यं! आणि गंमत म्हणजे त्यातून एक वजा केला तरी तिथे काही हलत नाही, त्या शेवटच्या एकाला तिथे किंमतच नाही. आणि माझी तर सगळी गोष्टच त्या एकाची होती. मग कागद घेतला.

२ ला २ नं चौसष्ट वेळा गुणत बसायची गरज नसते, वर्ग करत जायचं. २ चा वर्ग ४, त्याचा १६, मग २५६, मग ६५५३६, मग ४२९४९६७२९६, आणि याचा वर्ग केला की पोचलोच, सहा उड्या. ही युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे, 'द्विरर्धे, रूपे शून्यम्' अशा दोन-दोन शब्दांच्या सूत्रांत, दोन हजार वर्षांहून जुनी. त्याला दाण्यांशी घेणंदेणं नव्हतं, त्याचा प्रश्न असा की इतक्या अक्षरांच्या ओळीत लघु-गुरूच्या किती तऱ्हा होतील, आणि चौसष्ट अक्षरांची ओळ घेतली तर तऱ्हा बरोबर २ चा ६४वा घात. लघु-गुरू काय, शून्य-एक काय. अल्-बिरुनी या मध्ययुगीन विद्वानानं इसवी सन १००० च्या सुमारास पटाची ही बेरीज अशीच वर्ग करत, शेवटच्या अंकापर्यंत बरोबर काढून ठेवलीये. त्याच्याकडे स्प्रेडशीट नव्हती हे बरंच झालं.

शेवटची उडी मी हातानं मारली. ४२९४९६७२९६ चे दोन तुकडे, ४२९४९ आणि ६७२९६, मग शाळेतलं अ अधिक ब चा वर्ग. पहिल्याचा वर्ग १८४४६१६६०१, दुसऱ्याचा ४५२८७५१६१६, आणि मधलं पद ५७८०५९१८०८. पहिल्या प्रयत्नात मधल्या पदाला दोननं गुणायचं विसरलो (दरवेळी विसरतो, शाळेपासून), उत्तर भलतंच आलं, परत केलं, शून्यं नीट सरकवून बेरीज मारली आणि १८४४६७४४०७३७०९५५१६१६. तेव्हा लक्षात आलं की या उत्तरात २ हा अंकच नाहीये! बाकी ० पासून ९ पर्यंत सगळे हजर, फक्त २ गैरहजर. दोनाला दोननं गुणून गुणून बनवलेली संख्या आणि तिच्या अंगावर दोन कुठेच नाही. याला काही खोल अर्थ नाही, दशमान पद्धतीतला निव्वळ योगायोग, पण मी एकटाच हसलो.

आता वजा एक करायचा, आणि खरी मजा तिथून. २ चा ६४वा घात हा एक पूर्ण वर्ग, १ हाही वर्ग, म्हणजे हे वर्गांतर झालं, अ वर्ग वजा ब वर्ग. अवयव पडले २ चा ३२वा घात अधिक एक, आणि २ चा ३२वा घात वजा एक. त्यातला दुसरा अवयव परत वर्गांतर. त्यातला दुसरा परत. कांद्यासारखं सोलत जायचं, दरवेळी एक 'अधिक एक'वाला पदर हातात येतो, आणि सगळं सोलून झालं की हातात उरतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. या सहांचा गुणाकार म्हणजे आपला आकडा.

ही सहा मंडळी साधीसुधी नाहीत. या फर्माच्या संख्या, २ चा १ला, २रा, ४था, ८वा असा घात दरवेळी दुप्पट करत जायचा आणि प्रत्येकात एक मिळवायचा. पिएर द फर्मा, पेशानं कायदेवाला, गणित त्याचा शौक, आणि १६४० च्या सुमारास तो पत्रांतून लोकांना कळवत होता की या साखळीतली प्रत्येक संख्या मूळ संख्या असते असं मला वाटतं. ३ मूळ, ५ मूळ, १७ मूळ, २५७ मूळ, ६५५३७ मूळ. सलग पाच! कुणालाही वाटेल हो. सिद्धता मात्र नव्हती, १६५४ मध्ये पास्कालला लिहितानाही तो तेच रडगाणं गातो, की खात्री आहे पण सिद्ध करता येत नाहीये.

पुढे १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणितज्ञानं तरुण ऑयलरला, तोही गणितज्ञच, पत्रातून सहज विचारलं की फर्माचं हे म्हणणं तुला माहितीये का. ऑयलरनं आधी फारसं मनावर घेतलं नाही, मग घेतलं, आणि १७३२ मध्ये, पंचविशीत, दाखवून दिलं की सहावी संख्या ४२९४९६७२९७ ही ६४१ गुणिले ६७००४१७ आहे. संपला विषय.

हे ६४१ कसं बसतं त्याची नंतरच्या काळातली एक तीन ओळींची युक्ती आहे, ती मी त्या रात्री परत एकदा कागदावर केली आणि परत एकदा खूश झालो, म्हणून इथे लिहितोच. सगळ्याला ६४१ नं भागायचं आणि फक्त बाकीकडे बघायचं. ६४१ म्हणजे ६४० अधिक एक, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, म्हणजे ६४१ च्या राज्यात '५ गुणिले २ चा ७वा घात' ही वजा एक आहे (बघा, परत वजा एक). तिचा चौथा घात केला की अधिक एक होतो, म्हणजे '५ चा चौथा घात गुणिले २ चा २८वा घात' बरोबर १. आता तेच ६४१ दुसऱ्या बाजूनं बघायचं, ६२५ अधिक १६. म्हणजे ५ चा चौथा घात हा वजा १६, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. तो वरच्या ओळीत नेऊन ठेवला की वजा २ चा ३२वा घात बरोबर १, म्हणजे २ चा ३२वा घात अधिक एक बरोबर शून्य. बाकी उरत नाही. दहा अंकी संख्येला हातही न लावता तिचा भाग गेला!

फर्माची खरंच दया येते, कारण त्याच्याच छोट्या प्रमेयातून असं निघतं की या सहाव्या संख्येचा मूळ अवयव असलाच तर तो ६४ च्या पटीपेक्षा एकनं जास्त असणार (परत चौसष्ट, हो). अशा मूळ संख्या ओळीनं १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार! आणि ल्युकानं, तोच मनोऱ्यावाला, १८७८ मध्ये नियम आणखी घट्ट केला, की ६४ नव्हे, १२८ च्या पटीपेक्षा एकनं जास्त. मग ६४१ च्या आधी मूळ अशी फक्त २५७ उरते, आणि ती स्वतःच साखळीतली आधीची कडी. साखळीतल्या दोन वेगळ्या संख्यांना सामाईक अवयव नसतो, त्यामुळे ती बाद, म्हणजे पहिल्याच भागाकारात सापडलं असतं. आता हे सगळं उत्तर माहीत असताना बोलणं सोपं आहे. फर्मानं भागाकार केलाच नाही की केला आणि कुठे हातचा विसरला देव जाणे, माझं मत हातच्याच्या बाजूनं, पण ते माझ्या स्वभावावरून.

तर फर्मा बरोबर असता तर आपल्या आकड्याला सहा मूळ अवयव असते. तो चुकला म्हणून सात आहेत, ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७, सगळे वेगवेगळे, आणि त्यामुळे विभाजक बरोबर १२८, म्हणजे परत २ चाच घात. त्यानंतर मात्र साखळीत मूळ संख्या सापडलेलीच नाही. पुढची कडी म्हणजे २ चा ६४वा घात अधिक एक, आपल्या आकड्यापासून दोनच घरं पलीकडे, आणि तिचे अवयव २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ हे लांद्रीनं १८८० मध्ये जाहीर केले, वयाच्या ८२ व्या वर्षी. क्लाउझेननं तर ते १८५५ मध्येच गाउसला पत्रात लिहिले होते. पहिल्या कडीला शून्य नंबर देतात, त्या हिशोबात पाच ते बत्तीस नंबरच्या सगळ्या फुटतात हे माहितीये, पण वीस आणि चोवीस नंबरचा एकही अवयव हाती नाही, फुटते हे नक्की, कशानं ते कुणाला ठाऊक नाही. तेहेतीस नंबरवर गाडी अडलीये. तिला नुसतं लिहायलाच २५८ कोटींहून जास्त अंक लागतात.

पटाच्या अर्ध्यावर थांबलं तर आणखी एक गोष्ट मिळते. पहिल्या बत्तीस घरांची बेरीज ४२९४९६७२९५, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ यांचा गुणाकार, अजून फर्मा न चुकलेला भाग. गाउसनं १७९६ मध्ये, एकोणीस पूर्ण व्हायच्या आधी, दाखवलं की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासनं काढता येतो, आणि पुढे १८३७ मध्ये वान्ट्झेलनं बाकी राहिलेली बाजू पक्की केली: विषम बाजूंचा बहुभुज काढता येणं म्हणजे बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा-मूळ संख्यांचा गुणाकार असणं. माहीत आहेत त्या पाचच. म्हणजे काढता येतात असे माहीत असलेले विषम बहुभुज एकूण एकतीस, आणि त्यांच्या बाजू म्हणजे या अर्ध्या पटाच्या संख्येचेच विभाजक, एक सोडून. शेवटचा चारशे एकोणतीस कोटींहून जास्त बाजूंचा, कोण काढणार. हेर्मेस नावाच्या गृहस्थांनी ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाच्या रचनेवर दहा वर्षं घालवली, ते बाड गटिंगेनच्या विद्यापीठात ठेवलंय. मला हा माणूस फार आवडतो.

आणि हे विभाजक मेरुप्रस्तारातही बसलेत, म्हणजे ज्याला शाळेत पास्कालचा त्रिकोण म्हणतात तो. त्रिकोणातल्या विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीत वाचा, १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... बत्तिसाव्या ओळीत सगळे एकच एक, म्हणजे अर्ध्या पटाची संख्या, आणि सगळ्या पटाची हवी असेल तर चौसष्टाव्या ओळीपर्यंत उतरायचं. तेहेतिसाव्या ओळीला मात्र ४२९४९६७२९७ येते, आणि तिथून बहुभुजांचं नातं तुटतं.

एवढं झाल्यावर झोपायला हवं होतं. पण एक गोष्ट डोक्यात घुसली. बुद्धिबळ खेळणारे बरेच प्रोग्रॅम कुठली घरं भरलीत ते लक्षात ठेवायला चौसष्ट बिटांची एक संख्या वापरतात, एका घराला एक बिट, घर भरलंय तर १, रिकामं तर ०. म्हणजे आपला आकडा म्हणजे भरलेला पट, सगळी घरं गच्च. मग याला एकेका फर्मा संख्येनं भागलं तर पटावर काय दिसेल? आठ ओळींचा चौकोन आखला आणि बसलो. ३ नं भागलं, की एक उभी रांग रिकामी, एक भरलेली, पुन्हा रिकामी. ५ नं भागलं, की दोन-दोन रांगांचे पट्टे. १७ नं, की डावा अर्धा रिकामा, उजवा भरलेला. २५७ नं, की तेच आडवं, एक ओळ रिकामी, एक भरलेली. ६५५३७ नं दोन-दोन ओळी. आणि ४२९४९६७२९७ नं भागलं की वरचा अर्धा पट रिकामा आणि खालचा भरलेला. कापडाची घडी घालतात ना, तशा या सहा घड्या आहेत. आणि एखाद्या संख्येत किती बिटं १ आहेत ते मोजायच्या जुन्या ट्रिकमध्ये प्रोग्रॅमर मंडळी हेच सहा पट्टे वापरतात, मी स्वतः कितीतरी वेळा कुठून तरी चिकटवलेत, ते फर्माचे भागाकार आहेत हे त्या रात्रीपर्यंत मला माहीत नव्हतं, जरा लाजच वाटली.

पण सहावी घडी फुटते. ती मूळ नाही, तिच्या आत ६४१ आहे. मग नुसत्या ६४१ नंच भागलं तर? उत्तर येतं २८७७८०७१८७७८६२०१५, आकड्यात बघून काही कळत नाही. पटावर मांडलं:

००००००००
०११००११०
००११११०१
१०००००००
११११११११
१००११००१
११००००१०
०१११११११

पट्टे नाहीत, घड्या नाहीत, नुसता पसारा. मी दोनदा तपासलं, आणि दुसऱ्यांदा तपासताना दिसलं. पहिली ओळ आणि पाचवी बघा. दुसरी आणि सहावी. तिसरी आणि सातवी. चौथी आणि आठवी. वर जिथे शून्य आहे तिथे खाली एक आहे, वर एक तिथे खाली शून्य, एकही घर चुकत नाही. वरच्या अर्ध्यात दहा घरं भरलेली, खालच्यात बावीस, मिळून बरोबर बत्तीस. वरचा भाग म्हणजे ६७००४१६, ऑयलरच्या दुसऱ्या अवयवापेक्षा एक कमी, आणि खालचा त्याची उलटी छापील प्रत. घडी फुटली तरी अर्ध्या-अर्ध्याचा हिशोब तिनं सोडलेला नाही.

पहाटे साडेतीन झाले होते. वरचा अर्धा कागद मी फाडून, न उलटता, खालच्यावर ठेवला आणि उजेडात धरला, चारही ओळींत शाईचे एक प्रत्येक घरात दिसत होते, गच्च.